खटखट तीनदा परत आली: जुन्या गाडीच्या शॉकअपच्या दोन बोल्टांचं प्रकरण

भाच्याची गाडी २००३ सालची, छोटी, पेट्रोलवरची. पाटी एमएच-०८ ची. म्हणजे पहिली चौदा वर्षं रत्नागिरीच्या खाऱ्या वाऱ्यात काढून मग केज तालुक्यातल्या एका शाळामास्तराच्या दारात येऊन उभी राहिलेली. मॉडेल मुद्दाम सांगत नाही. मॉडेल सांगितलं की वाचणारा आकडे पाठ करतो आणि दुसऱ्याच गाडीला लावतो, हे मी आयटीआयमध्ये निदेशक म्हणून इतक्या वेळा पाहिलंय की आता सवयीने सावध झालोय.

दिवाळीच्या आधी पुढचे दोन्ही शॉकअप गळायला लागले. केज-अंबाजोगाई रस्त्यावर रोजचं जाणं-येणं, त्यात गळीत हंगाम सुरू, उसाच्या ट्रॉल्यांनी रस्त्याच्या कडा बसलेल्या. काळ्या मातीवरचा डांबरी रस्ता तसाही सरळ राहत नाही. पावसाळ्यात माती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वरच्या डांबराला लाटा येतात. शॉकअप जाणार हे ठरलेलंच. त्याने एका गॅरेजात दोन्ही नवे बसवून घेतले. आठ दिवसांत डाव्या पुढच्या चाकातून आवाज सुरू झाला. गतिरोधकावरून उतरताना एक 'खट', शाळेच्या फाटकातून उजवीकडे पूर्ण वळताना दुसरी.

गॅरेजवाल्याने नट आवळायची गन लावून बोल्ट आवळले. चार दिवस शांतता. मग पुन्हा खटखट. दुसऱ्या खेपेला लिंक रॉड बदलले, म्हणजे वळणावर गाडीला कलू न देणाऱ्या बारला जोडणारे छोटे दांडे. लिंक रॉड गेला असेल तर बारीक खड्ड्यांवर सतत खडखड येते, मोजून एकच 'खट' येत नाही; पण नवा भाग पडला की गिऱ्हाईक गप्प बसतं. या वेळी शांतता टिकली दोन दिवस. डिसेंबरात त्याचा फोन आला, "मामा, आवाज पुन्हा येलालाय. आता तुम्हीच बघा."

इथवरची गोष्ट कोणत्याही गॅरेजात घडते. पुढची मात्र माझ्या चुकीची आहे.

गाडी जॅकवर घेतली, खाली स्टँड लावला, चाक काढलं. या जातीच्या गाडीत शॉकअप हा नुसता शॉकअप नसतो. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी अभियंत्याची ही रचना. १९५०-५१ च्या फोर्ड कॉन्सलपासून ती घरोघरच्या गाड्यांत शिरली. यात चाकाला वरून धरणारा आर्म नाहीच. शॉकअपच चाक उभं धरतो, स्टिअरिंग फिरवलं की तोच फिरतो. त्याच्या खालच्या टोकाला यू आकाराचं ब्रॅकेट असतं. त्यात नकलचा, म्हणजे चाक ज्या लोखंडी तुकड्यावर बसतं त्याचा, कान बसतो आणि आरपार दोन बोल्ट जातात. वर बॉनेटखाली तीन छोटे नट. मधे शॉकअपच्या दांड्याचा एक मोठा नट. एवढ्या पाच-सहा आट्यांवर गाडीचा तो कोपरा उभा असतो.

मॅन्युअलमध्ये खालच्या दोन बोल्टांसाठी ९० न्यूटन-मीटर दिलेले होते. टॉर्क पाना, म्हणजे आवळण्याचा ठरवलेला जोर आला की 'कट्' वाजणारा पाना, ९० वर लावला. वरच्या बोल्टाला 'कट्'. खालच्या बोल्टाला 'कट्'. नट तसूभरही हलले नाहीत. मी पान्याचं हँडल पुसून पेटीत ठेवलं आणि म्हणालो, "बोल्ट ठीक आहेत. वरचं बेअरिंग बघ, नाहीतर स्टिअरिंग रॅक."

अठ्ठावीस वर्षं पोरांना शिकवणारा माणूस हे बोलला.

वरचं बेअरिंग गेलं असतं तर गाडी उभी असताना स्टिअरिंग फिरवल्यावर स्प्रिंग कुरकुरून सुटल्यासारखी वाजते. तसं काही नव्हतं. रॅकलाही ढिलाई नव्हती. गाडी तशीच परत गेली, आणि दोन आठवड्यांनी भाच्याने डाव्या टायरचा फोटो पाठवला. टायरची आतली कड घासून गुळगुळीत, बाहेरची जशीच्या तशी.

खरा सुगावा अंबाजोगाईत अलाइनमेंटचं दुकान चालवणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने दिला. तो प्रत्येक गाडीचे आकडे वहीत लिहून ठेवतो. गॅरेजात ही सवय विरळाच. शॉकअप बदलल्यानंतर त्याने डाव्या चाकाचा कॅम्बर, म्हणजे चाक उभ्या रेषेपासून किती कललंय ते, मोजला होता, उणे ०.३ अंश; उणे म्हणजे वरचा भाग आत. आता मोजला तर उणे १.१. उजवं चाक दोन्ही वेळी सारखंच. म्हणाला, "सर, मशीन बदललं नाही, गाडीची उंची बदलली नाही. काहीतरी सरकतंय."

मी कागदावर हिशोब मांडला. त्या दोन बोल्टांमधलं अंतर साधारण ६० मिलिमीटर. ब्रॅकेटची भोकं बोल्टाहून थोडी मोठी असतात, त्यामुळे पकड सैल असेल तर नकल ब्रॅकेटमध्ये किंचित फिरू शकते. ६० मिलिमीटरवर एक मिलिमीटर सरकलं की जवळपास एक अंश होतो. गाडीचं वजन चाकाचा वरचा भाग आत ढकलतं, म्हणजे कॅम्बर उणेकडे जाणार आणि टायरची आतली कड घासणार. सगळं जुळत होतं. न जुळणारी गोष्ट एकच, माझा 'कट्'.

आता बोल्ट खोलायचे ठरले, दुकानाच्या खड्ड्यावर, उजेडात. खालच्या बोल्टावरचा चिखल पुसल्यावर विद्यार्थ्याने टॉर्च धरली आणि काहीच बोलला नाही, नुसतं बोट दाखवलं. नटाखालच्या स्प्रिंग वायसरचं तोंड उघडं होतं. आवळलेल्या नटाखाली स्प्रिंग वायसर सपाट होतो, त्याची चीर एका पातळीत येते. हा अर्धवट दबलेला होता. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने ढकलला तर फिरला. नटावर पुन्हा टॉर्क पाना लावला. पुन्हा 'कट्', ९० वर, अगदी प्रामाणिकपणे.

बोल्ट बाहेर काढल्यावर उलगडा झाला. तो गाडीचा मूळ बोल्ट नव्हताच. मूळचा काढताना खराब झाला असणार, आणि गॅरेजवाल्याने हार्डवेअरच्या दुकानातून त्याच जाडीचा, १२ मिलिमीटरचा, ७५ लांबीचा आणून घातला. अशा अर्ध्या आट्यांच्या बोल्टाला टोकाकडून ३० मिलिमीटर आटे असतात, बाकीचे ४५ कोरे. ब्रॅकेट आणि नकल मिळून जाडी भरली ४१. पूर्ण दबलेला वायसर अडीचचा, म्हणजे साडेत्रेचाळीस. नट आट्यांवरून पळत आला, आटे संपले तिथे चावून बसला, आणि ब्रॅकेटपर्यंत पोचायला दीड मिलिमीटर उरलं. ते अंतर अर्ध्या दबलेल्या वायसरने भरून काढलं, म्हणून हाताला काही डुगडुगलं नाही. नट घट्टच होता. पण बोल्टाच्या कोऱ्या दांड्यावर घट्ट होता, ब्रॅकेटवर नव्हे.

वरचा बोल्ट मात्र मूळचा होता, त्याची भानगड निराळी. आटे गंजाने भरलेले, रत्नागिरीची देणगी. तो खोलताना करकर आवाज येत राहिला, शेवटच्या आट्यापर्यंत. हाताने फिरेल अशी अपेक्षा असलेल्या जागीसुद्धा पाना लावावा लागला.

इथे जरा थांबतो, कारण सगळी मेख इथेच आहे. टॉर्क पाना काय मोजतो? नट फिरवायला किती जोर लागतो एवढंच. आपल्याला हवी असते ती पकड, म्हणजे बोल्ट किंचित ताणला जाऊन दोन पत्र्यांना एकमेकांवर किती दाबतो ते. या दोन गोष्टी एक नाहीत. नट आवळताना खर्च केलेल्या शंभर रुपयांतले साधारण पन्नास नटाच्या बुडाखालच्या घर्षणात जातात, चाळीस आट्यांच्या घर्षणात. बोल्ट ताणायला उरतात दहा. घर्षण थोडं वाढलं की पहिला घास त्या दहातला जातो.

ढोबळ सूत्र असं: टॉर्क बरोबर गुणांक गुणिले बोल्टाची जाडी गुणिले पकड. स्वच्छ, कोरड्या आट्यांना गुणांक ०.२ धरतात. ९० न्यूटन-मीटर आणि १२ मिलिमीटर घातले की पकड येते साडेसदतीस हजार न्यूटन, म्हणजे सुमारे ३,८०० किलो. एका बोटाएवढ्या बोल्टाने पावणेचार टनांहून जास्त दाब द्यायचा असतो. गंजलेल्या आट्यांना गुणांक ०.३ धरला तर तोच 'कट्' फक्त २,५५० किलोंवर वाजतो. आणि कोणी शहाणपणाने आट्यांना ऑइल लावून गुणांक ०.१५ वर आणला तर पकड जाते ५,१०० किलोंवर. ८.८ दर्जाच्या १२ मिलिमीटर बोल्टाची सहनशक्ती जवळपास तिथेच संपते. त्यापुढे तो ताणला की परत आखडत नाही. म्हणून मॅन्युअलमध्ये लिहिलं नसेल तर आट्यांना ऑइल लावून मॅन्युअलचाच टॉर्क द्यायचा नाही. गंज काढायचा तो वायर ब्रशने, आणि बोल्ट फारच खाल्लेला असेल तर नवा घ्यायचा. गंजलेल्या बोल्टाला ऑइल पाजून काम भागवण्याची आपल्याकडे फार हौस आहे.

एवढी पकड कशाला हवी? लोकांना वाटतं बोल्ट खुंटीसारखा आडवा उभा राहून भार झेलतो. तसं नाही. विळीने भाजी चिरताना आपण पाटावर पाय दाबून बसतो. विळी जमिनीत ठोकलेली नसते, पायाच्या दाबाने जागेवर राहते. ब्रॅकेट आणि नकल तशीच दाबावर टिकतात. नकलचा कान ब्रॅकेटच्या दोन भिंतींमध्ये असतो, म्हणजे घासायला दोन पृष्ठभाग. लोखंडावर लोखंड, घर्षण ०.१५ धरलं तर ३,८०० किलोंच्या पकडीला एका बोल्टामागे अकराशे-साडेअकराशे किलोंच्या जोरापर्यंत सांधा सरकत नाही. २,५५० वर ते साडेसातशेंच्या आसपास येतं. आणि आटे संपलेल्या बोल्टामागे जवळजवळ काहीच नाही. भाच्याच्या गाडीत वरचा बोल्ट दोन-तृतीयांश पगारावर दोघांचं काम करत होता. मोठा धक्का बसला की नकल सरकायची, तीच आपली 'खट'.

मग गन लावल्यावर चार दिवस शांतता का मिळाली? त्याचं उत्तर ब्रॅकेटच्या आतल्या बाजूला होतं. नव्या शॉकअपवर काळा रंग, जाडसर, चकचकीत, ब्रॅकेटच्या आतूनही. कान जिथे दाबला जातो तिथे तो रंग कडेला वळकटी होऊन सरकलेला, आणि मधोमध लालसर तपकिरी भुकटी. दोन लोखंडं एकमेकांवर बारीक हलत राहिली की अशी भुकटी पडते. ती दिसली की सांधा हलतोय यात शंका उरत नाही. रंगाचा थर आवळताना घट्ट वाटतो, पण तो लोखंड नव्हे. दाबाखाली हळूहळू पसरतो, पातळ होतो, आणि जेवढा पातळ होतो तेवढा बोल्टाचा ताण उतरतो. बोल्ट ताणला जातो तो मिलिमीटरच्या दशांशाच्या हिशोबात. त्यामुळे कागदाएवढा रंग बसला तरी पकडीचा मोठा वाटा गेला. गनने वरचा बोल्ट थोडा पुढे नेला, रंग आणखी बसला, चार दिवसांत पुन्हा तिथेच.

गॅरेजवाल्यावर माझा राग नाही, खरं सांगतो. आपल्याकडच्या बहुतेक मिस्त्र्यांचा हात जीप आणि ट्रॅक्टरवर बसलेला. पाट्यांच्या स्प्रिंगचे यू-बोल्ट जितके आवळाल तितके बरे, पाईप घालून आवळा, वर चेक नट मारा. तो हात छोट्या गाडीच्या शॉकअपवर आला की बॉनेटखालच्या तीन छोट्या नटांचे आटे पिळून काढतो आणि खालच्या बोल्टाच्या लांबीकडे बघत नाही. पाईपचा हिशोब एकदा करून बघावा. पाव मीटरच्या पान्यावर ३६ किलोंचा जोर म्हणजे ९ किलोग्रॅम-मीटर, जवळपास आपले ९० न्यूटन-मीटर. तोच जोर तीन फुटी पाईपवर लावला की ३२० च्या पुढे. साडेतीनपट.

दुरुस्तीला दुपार गेली. ब्रॅकेटच्या आतला रंग कान टेकतो तेवढ्याच जागेतून पॉलिश पेपरने उतरवला, चकचकीत लोखंड दिसेपर्यंत. बाहेरचा रंग तसाच ठेवला, गंजायला नको. नकलच्या कानावरची पापुद्र्यांसारखी गंज वायर ब्रशने काढली, भोकंही साफ केली. बोल्ट आणि नट दोन्ही बाजूंचे नवे, गाडीच्या मापाचे, मूळ दर्जाचे. नट सेल्फ लॉकिंग जातीचे होते. असा नट एकदाच वापरायचा. दुसऱ्यांदा त्याची चावण्याची ताकद गेलेली असते. बोल्ट घातल्यावर वायसर आणि नट बाहेर ठेवून मी आधी बघितलं, की कोरा दांडा ब्रॅकेटच्या आतच संपतोय ना. संपत होता. नट पूर्ण बसल्यावर तीन आटे बाहेर दिसत होते.

मग बोल्टाचं डोकं गोटी पान्याने धरून फक्त नट फिरवला. काही गाड्यांत बोल्टाच्या डोक्याखाली दाते असतात, बोल्टच फिरवला तर ते दाते भोक खातात. म्हणून सवय सगळीकडे एकच ठेवावी. डिस्क हाताने बाहेरच्या बाजूला रेटून धरली, दोन्ही नट आलटून पालटून आधी ४५ वर, मग ९० वर. पाना झटक्याने नाही, एका दमात सरळ. 'कट्' वाजण्याआधी नट किती फिरला हे या खेपेला डोळ्यांनी पाहिलं. नट न फिरता 'कट्' वाजला तर त्यातून काहीच कळत नाही. आधी पाव फेरा सैल करायचा, मग आवळायचा. पहिल्या दिवशी मी एवढंच केलं असतं तर करकर ऐकू आली असती आणि भाच्याचा टायर वाचला असता. शेवटी नटावरून ब्रॅकेटवर पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढली.

पान्यावरचा आकडा कोणत्या मापाचा हेही एकदा बघून घ्यावं. जुन्या मॅन्युअलांत किलोग्रॅम-मीटर असतं, नव्यांत न्यूटन-मीटर, आणि बाजारातल्या कित्येक स्वस्त पान्यांवर ठळक अक्षरांत पौंड-फूट. न्यूटन-मीटरचे ९० पौंड-फुटाच्या रेघेवर लावले की प्रत्यक्षात १२२ होतात.

चाकाला खालून धरणाऱ्या लोअर आर्मच्या आतल्या बोल्टालाही हात लावावा लागला, कारण तोही शॉकअप बदलताना ढिला केलेला होता आणि गाडी हवेत असताना आवळलेला. त्या बोल्टाभोवती रबराचा बूश असतो. चाक लोंबकळत असताना आवळला की बूश त्या स्थितीत जखडतो, आणि गाडी जमिनीवर आली की रबर कायमचं पिळलेलं राहतं. म्हणून गाडी खड्ड्यावर चारही चाकांवर उभी करून, पुढचा बंपर दोन-चारदा दाबून, मगच तो आवळला. शॉकअपच्या खालच्या दोन बोल्टांत रबर नसतं, त्यांना ही अट नाही.

दांड्याच्या मधल्या नटाला आम्ही हात लावला नाही, गरज नव्हती. पण घरी काम करणाऱ्यांसाठी सांगतो, स्प्रिंग कॉम्प्रेसर लावल्याशिवाय तो नट खोलायचा नाही, कधीच. त्या स्प्रिंगमध्ये क्विंटलाच्या पुढचा जोर कोंडलेला असतो, आणि ती सुटते तेव्हा समोर बहुतेक माणसाचं तोंडच असतं.

उजवी बाजूही खोलली. तिथेही रंग होता, पण दोन्ही बोल्ट मूळचे आणि आटे बरे. म्हणून ती बाजू गप्प होती. तीही साफ करून पुन्हा बांधली. मग अलाइनमेंट. डावा कॅम्बर उणे ०.४ वर आला. विद्यार्थ्याने वहीत तारीख टाकली. पाचशे किलोमीटरनंतर गाडी परत आणली, आकडा तोच, रेघा जागेवर. मार्चमध्ये पुन्हा, तोवर उसाच्या ट्रॉल्यांचा हंगाम सरत आलेला, तरी तसंच. एक बारीक गुडगुड मात्र राहिली होती, मागून. ती डिकीत सुट्या पडलेल्या जॅकच्या हँडलची निघाली.

खर्चाचा हिशोब भाच्याने केला आणि मला ऐकवला: नट-बोल्ट एका जेवणाच्या पैशात, लिंक रॉड आणि टायर मात्र पगाराला बोचतील एवढ्याचे. त्यातला टायर माझ्या खात्यावर जातो. मी तसं म्हणालो तर तो हसला, "राहू द्या मामा," म्हणाला. शेंगदाण्याचं पोतं मात्र मी नेऊन दिलं.

तो ७५ मिलिमीटरचा बोल्ट मी ठेवून घेतलाय. आयटीआयच्या बाकावर व्हाइसमध्ये दोन पट्ट्या धरून, त्यात तो बोल्ट, स्प्रिंग वायसर आणि नट लावून ठेवतो. नवी बॅच आली की प्रत्येकाच्या हातात टॉर्क पाना देतो, ९० वर लावलेला. सगळे 'कट्' वाजवतात, वहीत 'ओके' लिहितात. मग मी त्यांना वायसर फिरवायला सांगतो. परवाच्या बॅचमधल्या एका मुलीने मात्र पाना बाजूला ठेवला, नट काढून बोल्ट हातात घेतला आणि माझ्याकडे पट्टी मागितली.